बेटावरची हेलिकॉप्टर फेरी: बेळगावकरांचे नेहमीचे प्रश्न

मॉरिशसहून आल्यावर आईने गल्लीतल्या हळदीकुंकवाला फोनमधला व्हिडिओ दाखवला, आणि त्या संक्रांतीपासून मला प्रश्न यायला लागले. वडगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, अगदी अथणीहूनही. पुढे भावाकडे अमेरिकेला गेलो तेव्हा हवाई बेटांपैकी कवाईवरही आम्ही फेरी केली, आणि प्रश्न दुप्पट झाले. विचारणारे बहुतेक लग्नाच्या वाढदिवसाला, मधुचंद्राला नाहीतर मुलांकडे निघालेले असतात. पैसे मोठे, वेळ पाऊण तासाचा, आणि चुकलं तर पुन्हा जाणं होत नाही, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. घाई असेल तर निदान ६, ८ आणि ११ वाचून मगच बुकिंग करा.

१. हेलिकॉप्टर फेरी म्हणजे नक्की काय असतं?

ज्या तळावरून उडतात त्याच तळावर परत आणून सोडतात. मध्ये कुठे उतरवत नाहीत. उतरवणार असतील तर जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि दरही वेगळा असतो. आधी वजन, मग सुरक्षेच्या सूचना, मग कमरेला लाइफ जॅकेटची छोटी पिशवी, मग कानावर हेडफोन, आणि मग उड्डाण. प्रत्यक्ष हवेत १५ मिनिटांपासून तासभर. पण तळावर जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो, तेव्हा त्याच दुपारी दुसरं काही ठरवू नका.

२. अंदमान किंवा मालदीवला जातोय. तिथे होईल का?

अंदमानात हेलिकॉप्टर आहे, पण ते बेटाबेटांमधल्या प्रवासासाठी. तिथले रहिवासी आणि आजारी माणसं यांना आधी जागा, उरली तर पर्यटकाला, आणि सामान जेमतेम पाच किलो. त्यावर सुट्टीचा बेत बांधू नका. एखाद्या बाळंतिणीची जागा आपण अडवावी असंही कुणाला वाटू नये. लक्षद्वीपचंही तेच, शिवाय तिथे आधी परवाना लागतो.

मालदीवमध्ये बऱ्याच रिसॉर्टना पाण्यावर उतरणारं विमान नेतं. ते फक्त दिवसाउजेडी उडतं. खिडकीची जागा मिळाली तर रिसॉर्टला जातानाच प्रवाळाची कंकणं वरून बघून होतात, वेगळी फेरी घ्यायची गरज मला वाटत नाही.

खास हेलिकॉप्टरसाठीच जायचं असेल तर माझ्या माहितीतली दोन नावं सांगते: मॉरिशस आणि कवाई. मॉरिशस आपल्याला सोपं. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास, भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, घड्याळ फक्त दीड तास मागे. कवाईला अमेरिकेचा व्हिसा हवा, म्हणजे ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनीच विचार करावा.

३. मॉरिशसमध्ये वरून असं काय दिसतंय जे खालून दिसत नाही?

पाण्याखालचा धबधबा. बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा कातळ आहे, त्याच्या पायथ्याच्या समुद्रात तो दिसतो. खरं तर तिथे धबधबा नाहीच. प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यातली पांढरी वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर कडेला ओढला जातो, आणि तिथेच समुद्राचा तळ एकदम खोल होतो. फिकट हिरव्यातून गडद निळ्यात उतरणाऱ्या त्या वाळूच्या रेघा वरून पाहिल्या की पाणीच दरीत कोसळतंय असं वाटतं. किनाऱ्यावर उभं राहिलं किंवा बोटीने त्याच्या डोक्यावर गेलं तरी काही कळत नाही. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "अगं, पाणी पडतंय कुठं?" आणि पायलटने तिच्यासाठी आणखी एक वळण घेतलं.

त्या कातळाची गोष्ट माहीत असेल तर तो वेगळाच दिसतो. गुलामीतून पळालेली माणसं त्याच्या कपारींत लपून राहायची. १८३५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने संपली. ती बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, धरायला आलेत असं समजून काही जणांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. २००८ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे.

बाकी शामारेल गावाची रंगीत माती वरून लहानशी वाटते, ती जमिनीवरूनच बघा. शेजारचा धबधबा मात्र वरूनच बघण्यासारखा. आपल्या गोकाकपेक्षा उंच, पण बारीक आणि एकधारी. आणि ऊस! चिकोडी-अथणीच्या माणसाला आपल्याच शिवारावरून उडाल्यासारखं वाटेल. फरक एवढाच की तिथल्या फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. जमीन कसण्याजोगी करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते दगड. त्या मजुरांत आपल्याकडून गेलेलेही होते, त्याबद्दल प्रश्न २३ मध्ये.

४. आणि कवाईवर?

नापाली किनारा. हिरवे, उभे, पन्हाळीसारख्या खाचा पडलेले कडे थेट समुद्रात उतरतात. तिथे रस्ताच नाही. बेटाला वळसा घालणारा रस्ता दोन्ही बाजूंनी येऊन थांबतो आणि मधला भाग पायवाटेने, बोटीने किंवा वरूनच बघायचा. पायवाट एका बाजूने जवळपास १८ किलोमीटरची आणि अवघड, आमच्या आईसारख्यांच्या कामाची नाही. त्यानंतर वाइमिया दरी, लाल मातीची, ९०० मीटरपेक्षा खोल. मग वाइआलेआले डोंगराचं पोट. तिथे वर्षाला ९,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चहूबाजूंनी पाण्याच्या धारा लोंबत असतात. आंबोली-कणकुंबीचा पाऊस खाल्लेल्या माणसालाही तिथे गप्प बसावं लागतं. पण त्या पोटात शिरायला मिळेलच असं नाही, त्यासाठी शेवटचा प्रश्न वाचा.

५. किती मिनिटांची घ्यावी, आणि खर्च किती?

कवाईवर ५०-६० मिनिटांची. त्यापेक्षा कमीत नापाली आणि दरी यांतलं एक काहीतरी सुटतं. एका सीटला साधारण ३०० ते ४०० डॉलर धरा. मॉरिशसमध्ये दर बहुतेक वेळा सगळ्या हेलिकॉप्टरचा सांगतात, माणशी नव्हे. चौघं मिळून घेतलं तर परवडतं, दोघांना जड जातं. तिथे १५ मिनिटांची फेरी घेऊ नका. ती तळाजवळच फिरवून आणतात आणि तळ उत्तरेला असेल तर ल मॉर्न दिसतच नाही. पैसे भरण्याआधी "ल मॉर्नवरून जाणार का?" एवढं लेखी विचारा.

कार्डाने पैसे दिले तर परकीय चलनाचा अधिभार वर लागतो, तो हिशेबात धरा.

६. सुट्टीतल्या कुठल्या दिवशी ठेवू? शेवटचा दिवस बरा ना, सगळं बघून झालं की?

नको. सगळ्यांत जास्त लोक इथेच चुकतात. आपल्याला गोड शेवटाला खायची सवय, म्हणून फेरी शेवटच्या दिवशी ठेवतो. त्या दिवशी ढग आले, वारा सुटला की फेरी रद्द होते, दुसऱ्या दिवशी परतीचं विमान असतं, आणि मग लोक कंपनीशी भांडतात, "थोडं तरी फिरवा" म्हणतात. बेटावर पोचल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. रद्द झाली तरी हाताशी चार दिवस राहतात, आणि "आज नको" हे ऐकून घेणं आपल्यालाही सोपं जातं.

वेळ सकाळची. दुपारपर्यंत डोंगरांच्या डोक्यावर ढग साचतात. पण अगदी उजाडतानाची नको, कारण सूर्य खाली असताना समुद्र नुसता चकाकतो, पाण्याचे रंग उमटत नाहीत. नऊ ते अकरा मला सर्वांत बरी वाटते.

७. कुठला महिना?

मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, तेव्हा ऋतू उलटे. आपल्या उन्हाळी सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये, तिथे वादळांचा मोसम सरत आलेला असतो. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळाची शक्यता असते. सप्टेंबर-ऑक्टोबर छान, म्हणजे दसऱ्याची सुट्टी किंवा लवकर आलेली दिवाळी. कवाईवर मे ते सप्टेंबर पाऊस कमी. पण डोंगरावर तो बारमाही असतो, म्हणून महिना कुठलाही असो, प्रश्न ६ मधला नियम मोडू नका.

८. वजन का विचारतात? आमच्या वहिनींना चारचौघांत काट्यावर उभं राहायला लाज वाटतंय. थोडं कमी सांगितलं तर?

कमी सांगू नका. कपडे, पर्स, बूट धरून जे असेल ते सांगा.

बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. हेलिकॉप्टरचंही तसंच. ते एका आसाला टांगल्यासारखं असतं, त्यामुळे वजन पुढे-मागे, डावी-उजवीकडे किती आहे यावर पायलटचा ताबा अवलंबून असतो. इंधनही त्याच हिशेबाने भरतात. आर-४४ नावाच्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये पायलटशिवाय तिघं बसतात आणि एका सीटला १३६ किलोची मर्यादा असते, सीटखालचं सामान धरून. मोठ्या एच-१२५ मध्ये पाच-सहा प्रवासी बसतात, पण तिथेही सगळ्यांची बेरीज बघतात. खूप वजनदार माणसाला हवाई बेटांवर शेजारच्या सीटचेही पैसे भरावे लागतात. मर्यादा साधारण ११० किलोच्या आसपास असते.

आमच्या आईचं बुकिंगमध्ये मी अंदाजाने ७६ लिहिलं होतं. तिने सांगितलं तेवढंच. तळावर गेलो तर काटा काउंटरजवळ फरशीतच बसवलेला, बाहेर आकडा नाही, तो फक्त आतल्या मुलीला दिसतो. ती काही बोलली नाही, पेनाने एक आकडा खोडला, दुसरा लिहिला. पाच मिनिटांनी आमच्या सगळ्यांच्या जागा बदलल्या आणि माझ्यासाठी ठरलेली पुढची जागा गेली. ८४ भरलं होतं. आई दिवसभर म्हणत राहिली, "माझ्यामुळं तुझी खिडकी गेली." तिला तो सल राहू नये म्हणून तरी मी आधी घरच्या काट्यावर वजन करायला हवं होतं.

वहिनींना सांगा, आकडा कुणी मोठ्याने वाचत नाही.

९. नवराबायकोला शेजारी बसवतील का? पुढची सीट जास्त पैसे देऊन मिळते का?

जागा वजनावर ठरतात, नात्यावर नाही. शेजारी बसवायचा प्रयत्न करतात, पण खात्री देत नाहीत. काही ठिकाणी पुढच्या सीटला जादा पैसे घेतात, तरी वजन जुळलं नाही तर ते परत करून मागे बसवतात. मागच्या रांगेत मधली जागा आली तर दृश्य अर्धं होतं. बुकिंग करताना "सगळ्यांना खिडकी आहे का, की मधल्या सीट आहेत?" हे विचारा. दोघंच असाल तर लहान हेलिकॉप्टरमध्ये खिडकीची शक्यता जास्त.

१०. इंजिन बंद पडलं तर दगडासारखं खाली येतंय म्हणे. खरं काय?

खरं नाही. खानापूरच्या रानात माधवीलतेची तीन पंखांची फळं गरगरत खाली येताना पाहिली असतील. इंजिन थांबलं की पायलट पात्यांचा कोन कमी करतो, मग खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जमिनीजवळ येताना त्या फिरत्या पात्यांत साठलेला जोर वापरून तो वेग मारतो आणि उतरवतो. परवाना मिळण्याआधी पायलटला हे करून दाखवावं लागतं. त्याला खाली मोकळी जागा हवी आणि पुरेशी उंची हवी, म्हणूनच "अगदी कड्याला चिकटून न्या हो" असा आग्रह करू नये. हवाई बेटांवर फेरीच्या हेलिकॉप्टरनी एरवी जमिनीपासून १,५०० फूट वर राहायचं असा नियमच आहे. त्याहून खाली यायला कंपनीला वेगळी मंजुरी लागते.

(हीच माधवीलता कुणीतरी हौसेने मॉरिशसला नेली आणि आता ती तिथल्या मूळच्या रानावर पसरून झाडं दाबते आहे. वरून जाताना मला ते सारखं आठवत होतं.)

११. मग अपघात होतात ते कशाने?

हवामानाने, आणि हवामान बघूनही पुढे जाण्याने. २६ डिसेंबर २०१९ ला कवाईवर फेरीचं एक हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं, पायलट आणि सहा प्रवासी असे सातही जण गेले. तपासात यंत्राचा दोष निघाला नाही. डोळ्यांनी बघून उडवायचं उड्डाण ढगात शिरू द्यायचं नसतं, ते शिरलं, असं निदान झालं. चोर्ला घाटात धुक्यात गाडी चालवताना आपण बाजूला थांबू शकतो. हवेत बाजूला थांबायला जागा नसते.

म्हणून पायलट "आज नाही" म्हणाला तर त्याचे आभार माना. हे मी अगदी मनापासून लिहिते आहे. वाढदिवस असो, मुलगी रडत असो, एजंट "माझी ओळख आहे, करून देतो" म्हणो.

१२. चांगली कंपनी कशी ओळखायची?

मी तीन गोष्टी विचारते. हवामानामुळे रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत का? वजन प्रत्यक्ष काट्यावर करता का? पायलटला बेटावर उडवायचा किती वर्षांचा अनुभव? तिसऱ्याचं उत्तर टाळलं तर मी पुढे बोलत नाही. वजन न करता "बसा, बसा" म्हणणाऱ्याकडे तर पाय ठेवू नका. कवाईवर कंपन्यांचे जुने अपघात अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या जाहीर नोंदींत शोधता येतात. भाच्याला सांगा, तो दहा मिनिटांत काढून देईल.

१३. साडी चालते का? मंगळसूत्र, टोपी, चप्पल?

पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी, ओढणी खोलीवर ठेवून. साडीच नेसायची असेल तर पदर खांद्याला आणि कमरेला पिन करून पूर्ण खोचलेला हवा. पाती फिरत असताना चढावं लागलं तर वाऱ्याचा झोत असा येतो की सुटलेला पदर कुणाच्या हातात राहत नाही. मंगळसूत्र आतल्या बाजूला घाला. गांधी टोपी, गजरा, कॅप सगळं खाली. चप्पल नको, मागून पट्टा असलेले सॅंडल किंवा बूट. कपडे गडद रंगाचे घाला, कारण प्रश्न १९ मध्ये आहे.

आणि शेपटीच्या बाजूला कधीही जायचं नाही. मागचं छोटं पातं फिरताना दिसत नाही. नेणारा माणूस ज्या बाजूने नेईल त्याच बाजूने जायचं.

१४. पहिल्यांदा बसतोय, नारळ फोडला तर चालेल का?

तळावर नाही. सुटी वस्तू, करवंटीचा तुकडा, उदबत्तीची राख, काहीही तिथे धोक्याचं. कपिलेश्वराला निघण्याआधी फोडा. मॉरिशसमध्ये हवा असेल तर गंगा तलावावर जाऊन फोडता येतो. तिथे ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती आहे, आणि फेरीचा मार्ग त्या बाजूने असेल तर वरूनही नमस्कार होतो.

१५. आईंना गाडी लागत्या. हेलिकॉप्टरात काय होतंय?

आंबोली घाटात ज्यांना लागते त्यांना इथेही लागू शकते, विशेषतः पायलट दोन्ही बाजूंना दृश्य दाखवायला गोल वळणं घेतो तेव्हा. डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्या. उडताना घेऊन उपयोग नाही, आणि गोळीने झोप येते हेही धरून चाला. फोनच्या पडद्याकडे बघत बसू नका, लांब क्षितिजाकडे बघा. उपाशी जाऊ नका. संकष्टी असो की एकादशी, त्या दिवशी फेरी ठेवू नका किंवा निदान केळं खा. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. पिशवी सीटजवळ असते, मागायला लाजू नका.

१६. वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू. नेऊ का?

वयाला मर्यादा नाही. चढायला एक उंच पायरी असते, ती जमली पाहिजे. तळावर फोन करून स्टूल आहे का विचारा. बीपी, हृदय, नुकतंच ऑपरेशन यांसाठी आपल्याच डॉक्टरांचा शब्द घ्या. दोन गोष्टी मात्र लोकांच्या लक्षात येत नाहीत. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन आत वायू भरलेला असेल तर तो जिरेपर्यंत कुठल्याही उड्डाणात बसायचं नाही, कारण उंचीवर वायू फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. आणि जबर सर्दी असेल तर कान फार दुखतात, दिवस बदलून घ्या.

गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग करू नये. कंपन्यांचेही महिन्यांचे नियम वेगवेगळे असतात.

१७. लहान मूल मांडीवर घेता येईल का?

अमेरिकेत दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर चालतं, त्यापुढे स्वतंत्र सीट आणि पूर्ण पैसे. पण कित्येक कंपन्या त्याहून कडक आहेत. माझं मत विचाराल तर चार-पाच वर्षांखालच्या मुलाला नेऊ नका. आवाज मोठा, हेडफोन डोक्यावर टिकत नाही, आणि आईबापाचं सगळं लक्ष खिडकीऐवजी त्याच्याकडे जातं. आळीपाळीने जा.

१८. आदल्या दिवशी स्कूबा आहे. चालेल?

शेवटच्या डुबकीनंतर पूर्ण २४ तास उडू नका. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात जाते, तिच्यातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. वर दाब कमी झाला की, गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जसे बुडबुडे येतात तसे अंगात येऊ शकतात. तारकर्लीला स्कूबा करून गाडीने घरी येणं वेगळं, हे वेगळं. (तारकर्लीहून लगेच घाट चढतानाही प्रशिक्षकाला विचारून घ्या.) मॉरिशसमध्ये हेल्मेट घालून समुद्रतळावर चालवतात, त्यातही दाबाखालचीच हवा असते, तेव्हा तो प्रकारही फेरीनंतर ठेवा. नुसतं पाण्यावर तरंगून मासे बघण्याला ही अट नाही.

उलटा क्रम चालतो: आधी हेलिकॉप्टर, मग समुद्र. फेरी सुट्टीच्या सुरुवातीला ठेवायचं हे आणखी एक कारण.

१९. फोटो चांगले येत नाहीत, काचेत आपणच दिसतो.

म्हणून गडद कपडे. पांढरा शर्ट काचेत उमटतो. फोन काचेजवळ न्या पण टेकवू नका, टेकवला की थरथर सगळी फोटोत येते. कॅमेरा असेल तर शटर हजारांश सेकंदाच्या आसपास. सेल्फी स्टिक तळावरच काढून घेतात. आणि पहिली पाच मिनिटं फोन मांडीवर ठेवा. आईच्या व्हिडिओत अर्धा वेळ तिचा स्वतःचा गुडघा आहे, पण तिला सगळं आठवतं, कारण ती बघत होती.

२०. दारं काढलेलं हेलिकॉप्टर घ्यावं का?

फोटोला फारच छान, पण थंडी, वारा आणि पट्ट्यावर सगळी भिस्त. उंचीची भीती असलेल्याने, चष्मा सैल असलेल्याने, मुलांबरोबर असलेल्याने घेऊ नये. खिशात काही म्हणजे काहीही ठेवता येत नाही. मी घेतलं नाही आणि पुढेही घेणार नाही.

२१. हवाईत लाव्हा दिसतो म्हणे. नक्की दिसेल का?

तो कवाईवर नाही, मोठ्या बेटावर, किलाउएया ज्वालामुखीत. १९८३ ते २०१८ तो जवळपास सतत वाहत होता. आता उद्रेक होतो, थांबतो, पुन्हा होतो. आपण जाऊ त्या दिवशी नुसता काळा खडक आणि वाफ असू शकते. शिवाय तिथल्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानावरच्या फेऱ्यांना २०२४ च्या सुरुवातीला मंजूर झालेल्या आराखड्याने वर्षाला १,५४८ ची मर्यादा घातली. आधी दहा हजारांवर व्हायच्या. कारण आवाज. तिथल्या मूळ रहिवाशांना तो डोंगर देवाच्या जागी आहे. सांबरा-बाळेकुंद्रीकडच्या माणसाला डोक्यावरून सतत विमानं गेली की काय होतं ते सांगायला नको. मला ही मर्यादा योग्य वाटते. "लाव्हाची हमी" असं लिहिणाऱ्याकडून बुकिंग करू नका.

२२. इथल्या एजंटकडून पॅकेजमध्येच घेऊ की थेट कंपनीकडून? विमा लागतो का?

थेट. आमची पहिली मॉरिशसची फेरी पॅकेजमध्ये होती. ढगांमुळे रद्द झाली. कंपनीने पैसे आठवड्यात परत केले, पण ते एजंटकडे, आणि आमच्या हातात यायला चार महिने आणि कितीतरी हेलपाटे लागले. रोख दिले होते, पावतीवर नुसतं "सहलखर्च". दुसऱ्या दिवशीची फेरी आम्ही तिथेच कार्डाने पुन्हा भरली, म्हणून तर ल मॉर्न बघायला मिळालं. पॅकेजमध्ये घ्यायचंच असेल तर पावतीवर कंपनीचं नाव, मिनिटं, मार्ग आणि रद्दची अट लिहून घ्या.

प्रवास विमा तर हवाच. पण अनेक पॉलिसींत ठरावीक वेळापत्रकावर उडणाऱ्या विमानांखेरीज बाकीची उड्डाणं किंवा साहसी प्रकार वगळलेले असतात. अपवादांचं पान वाचा, "हेलिकॉप्टरची पर्यटन फेरी धरली आहे का?" असं मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

२३. आईवडिलांना इंग्रजी येत नाही. सूचना कळणार कशा? तिकडे मराठी बोलणारं कोण भेटतंय का?

सूचना थोड्याच असतात. आदल्या रात्री मराठीत सांगून ठेवा: पट्टा असा उघडतो, लाइफ जॅकेटची पिशवी बाहेर पडल्यावरच ओढायची, आत फुगवायची नाही, दाराच्या कडीला हात लावायचा नाही, उतरताना सांगतील तेव्हाच उठायचं. मी कारच्या पट्ट्यावर आईकडून दोनदा करून घेतलं. काही कंपन्यांकडे हिंदी समजणारी माणसं असतात.

मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी कोकणातून, रत्नागिरी-सावंतवाडीकडून गेलेल्यांचे वंशज. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते! त्या दिवशी बुकिंग करणार असाल तर तळ चालू आहे का ते विचारून घ्या. आमच्या टॅक्सीत आईने आरती गुणगुणली तर चालकाने पुढची ओळ म्हटली. बाकी मराठी त्याला फारशी येत नव्हती, आरती मात्र पाठ.

२४. पायलट अर्ध्यातून परत फिरला किंवा एखादी जागा गाळली तर पैसे परत मागावेत का?

बुकिंगच्या अटी बघा. हवेत गेल्यावर मार्ग बदलायचा अधिकार पायलटचाच असतो आणि एखादी जागा गाळली म्हणून पैसे बहुतेक परत मिळत नाहीत. निम्म्याहून लवकर परत आणलं तर विचारायला हरकत नाही, कित्येक जण काही भाग देतात किंवा दुसरी वेळ देतात.

कवाईवर आमचंच झालं. वाइआलेआलेच्या तोंडाशी गेलो तर आत ढग बसलेला. पायलटने एकदा वळसा घेतला, थांबला, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, आत जाणार नाही. मागचे गृहस्थ चिडले, एवढे डॉलर कशाला घेतले म्हणाले. तो काही बोलला नाही, हेलिकॉप्टर वळवून समुद्राकडे आणलं, आणि उरलेली सात-आठ मिनिटं नापालीवरून पुन्हा नेलं, या वेळी उजवीकडच्यांना दिसेल असं. आईची खिडकी उजवीकडे होती.